गेन शून्यावर ठेवला तरी आवाज फाटतोय, नक्की कुठे फाटतोय ते कसं शोधू?

काळी_चार:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून विचारतोय. आई भजनी मंडळात गाते, देवळात वर्षानुवर्षं माइकशिवाय गायलेली, काळी चार पट्टीत, त्यामुळे आवाज एकदम खणखणीत. आषाढीच्या आत तिचे पाच-सहा अभंग घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचेत. सामान असं: नवीन कंडेन्सर माइक, तो जातो छोट्या चार चॅनलच्या मिक्सरमध्ये (मंडळाचाच आहे, घरी पडून होता), मिक्सरमधून एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने यूएसबी इंटरफेसमध्ये (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारा डबा) आणि तिथून लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. खोली म्हणजे बेडरूम, कपाटं उघडी टाकून आणि एक गादी उभी करून.
ध्रुवपद छान येतं, पण अंतऱ्याला ती वर गेली की आवाज असा फाटतो की एसटी स्टँडवरच्या भोंग्याची आठवण यावी. इंटरफेसचा गेन (येणारा आवाज वाढवायचा नॉब) कमी करत करत शून्यावर आणला, रीपरमधला फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी) पण खाली घेतला, तरी तेच. आणि गंमत म्हणजे मीटर लाल होतच नाही, उणे ६ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या लेव्हलचं माप) वर जातच नाही. मग फाटतंय कुठे? आई म्हणते माझाच घसा बसलाय वाटतं, आता तिला काय सांगू.

बिनतारी:
बफर साइज (लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो ते) बघ. ६४ वर असेल तर २५६ किंवा ५१२ कर. मला पण असाच त्रास होता, लॅपटॉप जुना असला की होतं.

खर्जातला:
बिनतारी भाऊ, बफरचा त्रास वेगळा ऐकू येतो. त्यात चटचट, टिकटिक येते आणि ती कुठेही येते, हळू गाताना सुद्धा. इथे फक्त वरच्या सुरांना होतंय म्हणजे कुठेतरी लेव्हल जास्त होतीये, बफरचा संबंध नाही.
काळी_चार, एक काम करा, फाटलेल्या जागेची वेव्ह झूम करून बघा. लाटांचे शेंडे गोल आहेत की वरून सुरीने कापल्यासारखे सपाट? आणि सपाट असतील तर किती डीबीला सपाट झालेत ते सांगा, त्यावरच सगळं कळेल.

डेसिबलदादा:
राव, आता ३२ बिट फ्लोटचा (अगदी बारीक ते खूप मोठी लेव्हल न कापता लिहायची पद्धत) जमाना आहे, तसला रेकॉर्डर घ्या आणि गेनची भानगडच विसरा. किंवा रीपरमध्येच ३२ बिट फ्लोट सिलेक्ट करा, काम झालं.

काळी_चार:
खर्जातला, बघितलं. सपाट आहेत, वर आणि खाली दोन्हीकडे, सगळे बरोबर उणे ६ च्या जरा खाली, पट्टीने रेघ मारल्यासारखे. स्क्रीनशॉट टाकता येत नाहीये.

खर्जातला:
मग चोर सापडला. बघा, इंटरफेस किंवा रीपरमध्ये फाटलं असतं तर शेंडे ० ला कापले गेले असते, कारण डिजिटलची छतच तिथे आहे. तुमचे उणे ६ ला कापलेत, म्हणजे आवाज इंटरफेसला पोचायच्या आधीच कापला गेला आणि मग कापलेलाच आवाज पुढे कमी लेव्हलला आला. तुम्ही मागे कितीही नॉब कमी करा, फाटलेलं धोतर लांबून बघितलं म्हणून शिवलं जात नाही. शंभर टक्के मिक्सरच्या पहिल्या गेनला झालंय. त्या चॅनलचा गेन कुठे आहे, आणि बाजूला छोटा पीकचा लाल दिवा असतो तो पेटतो का?
माझा अंदाज सांगतो. मंडळात बहुतेक साधे डायनॅमिक माइक असणार आणि गेन त्यांच्या हिशोबाने लावलेला असणार. कंडेन्सर त्यापेक्षा खूप तापट. उदाहरण द्यायचं तर शुअर एसएम५८ ची सेन्सिटिव्हिटी १.८५ मिलिव्होल्ट आणि रोड एनटी१-ए ची २५ मिलिव्होल्ट, दोन्ही आवाजाच्या एकाच दाबाला. म्हणजे तेरापट, २० डीबीच्या वरच फरक. तुमची जोडी वेगळी असेल पण गोष्ट हीच.

सुगमवाली:
खर्जातला यांचं बरोबर आहे, त्यात माझी भर. मुळात मिक्सर मध्ये हवाच कशाला? मिक्सरचं आउटपुट लाइन लेव्हलचं (माइकपेक्षा खूप जोरकस) असतं आणि तुम्ही ते एक्सएलआरने इंटरफेसच्या माइक इनपुटला देताय, तिथे ते इनपुट मिलिव्होल्टमधल्या माइकची वाट बघत बसलेलं असतं. आज मिक्सरचा मेन (बाहेर जाणाऱ्या एकूण आवाजाचा नॉब) खाली आहे म्हणून चाललंय, कुणी वर केला की तिथेही फाटेल. माइक सरळ इंटरफेसला लावा, ४८ व्होल्ट (कंडेन्सरला लागणारी वीज) तिथूनच द्या. आणि आत्ता मिक्सर जोडलेला असताना इंटरफेसचं ४८ चालू असेल तर ते आधी बंद करा, मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटं व्होल्टेज कशाला सोडायचं.

डेसिबलदादा:
ठीक आहे पण ३२ बिट फ्लोट घेतलं असतं तर हे झालंच नसतं.

खर्जातला:
झालं असतं दादा. मिक्सरने कापून दिलेला आवाज कुठलाही रेकॉर्डर कापलेलाच लिहिणार. आणि रीपरमध्ये ३२ बिट फ्लोट निवडलं तरी इंटरफेसचा कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) २४ बिटचाच असेल तर छत जिथे होती तिथेच राहते, फक्त फाइल मोठी होते. फ्लोटचे खरे रेकॉर्डर वेगळे, त्यात कमी आणि जास्त लेव्हलसाठी दोन कन्व्हर्टर जोडीने चालतात. चांगले आहेत, नाही कोण म्हणतंय, पण या माउलींच्या सहा अभंगांसाठी इतका खर्च कशाला.

काळी_चार:
मंडळी, दंडवत! मिक्सर कपाटाच्या मागे ठेवलेला, दिवा कधी दिसलाच नव्हता. आज पुढे ओढून बघितलं तर आई अंतऱ्याला गेली की लाल दिवा नुसता लखलखतोय. गेन मंडळाच्या माइकचाच होता, वर आई म्हणाली हेडफोनमध्ये मला मीच ऐकू येत नाही म्हणून मी अजून थोडा वाढवला होता. आता मिक्सर काढला, माइक सरळ इंटरफेसला. फाटणं जवळपास गेलं, पण दोन शंका. एक, एका ठिकाणी अजूनही मीटर ० ला टेकलं, "हॅलो हॅलो" करून गेन लावला तेव्हा तर उणे १२ येत होतं. दोन, तानपुरा-तबल्याचा ट्रॅक चालू असला की मास्टरचं (सगळे ट्रॅक मिळून) मीटर लाल होतं, एकट्या आईचं होत नाही. तो टेक वाया गेला का?

सुगमवाली:
हॅलो हॅलो करून कधी गेन लावायचा नाही हो. बोलणं आणि तार षड्ज यात जमीन-अस्मानाचा फरक. आईंना सांगा, सगळ्यात वरची ओळ अशी गा की जणू समोर एकादशीची गर्दी आहे, आणि त्या ओळीला शेंडे उणे १२ ते उणे १० च्या मध्ये राहतील एवढाच गेन ठेवा. खऱ्या टेकला माणूस रंगात आला की अजून चढतोच, ती जागा राखून ठेवायची. बारीक ओळी उणे ३० ला आल्या तरी घाबरू नका, २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते (हिशोबाने १४४ डीबी, प्रत्यक्षात कमी), नंतर वाढवता येतं. गेन वर ठेवायची सवय टेपच्या जमान्यातली, तेव्हा खाली हिस्स यायचा. आणि ऐकू येत नसेल तर हेडफोनचा नॉब वाढवा, माइकचा नाही. माझ्याकडून पण हे कितीदा झालंय.
अंतर एक वीत ठेवा. दुप्पट अंतर केलं की साधारण ६ डीबी उतरतं, त्यामुळे तारेला जाताना मान थोडी मागे घेतली तरी पुष्कळ. फार जवळ गेलं तर खर्ज फुगतो, आवाज गढूळ होतो. "पांडुरंग" मधल्या प ला धप येत असेल तर पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावा आणि माइक तोंडासमोरून किंचित बाजूला घ्या. इंटरफेसला किंवा माइकला लो कट (खालची घरघर कापणारं बटण) असेल तर ८० हर्ट्झला लावून टाका, काळी चारचा मधला सा २०८ च्या आसपास आणि मंद्र पंचम १५६ ला, म्हणजे गाण्याला धक्का नाही, फक्त पंखा आणि ट्रकची घरघर जाते.

खर्जातला:
मास्टरची काळजी करू नका. तो तबल्याचा ट्रॅक आधीच ० पर्यंत ठासून भरलेला असणार, त्यात आवाज मिसळला की बेरीज वर जाते. आवाजाचा ट्रॅक सोलो करून (एकटाच लावून) ऐका, स्वच्छ असेल तर टेक शाबूत आहे. तबल्याचा ट्रॅक दहा-एक डीबी खाली घ्या म्हणजे एक्स्पोर्टला फाटणार नाही. फेडरने हे होतं, कारण हे रेकॉर्ड झाल्यानंतरचं आहे. रेकॉर्ड होतानाचं फक्त गेन आणि अंतरानेच सुधारतं, तुमचा पहिला गोंधळ तोच होता.

काळी_चार:
क्या बात! एक विचारायचं राहिलं, फाटलेल्यातला एक अभंग आईने असा काही गायलाय की ती म्हणते परत तसा येणार नाही. दुरुस्त होईल का?

खर्जातला:
ऑडासिटी सॉफ्टवेअरमध्ये क्लिप फिक्स आहे, आयझोटोप आरएक्स सॉफ्टवेअरमध्ये डी-क्लिप, ते हरवलेल्या शेंड्यांचा अंदाजाने आकार काढतात. आधी ट्रॅक ८-१० डीबी खाली घ्या, नवीन शेंड्यांना जागा हवी. चार-दोन जागा असतील तर कळणारही नाही, पण अख्खी ओळ सपाट असेल तर आशा धरू नका. आईंना पुन्हा गायला लावा, सकाळी, चहा झाल्यावर, आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगू नका.

काळी_चार:
हाहा, हे भारी. रविवारी करतो. टाळ पण तिलाच धरायचेत म्हणते, गाता गाता.

सुगमवाली:
नको! टाळ वेगळे घ्या, नाहीतर आवाजाच्या ट्रॅकमध्ये ते कायमचे शिरतील. आणि माइक टाळांपासून चार-पाच फूट लांब, गेन परत पहिल्यापासून लावा, तो ठोका इतका झटकन येतो की काही लेव्हल-मीटरांना तो दाखवता येण्याच्या आत वर जाऊन आलेला असतो. तोवर आईंच्या हातात काही नको, फार तर मांडीवर ताल धरू दे.