पाठीवर वशिंड आहे म्हणून दूध ए-टू? (भावकीच्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डला उत्तर)

गोठेकर_फलटण

भावकीच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. "जर्सी-होल्स्टिन ही गायच नव्हे. तिच्या ए-वन दुधात बीसीएम-७ नावाचं विष असतं, त्यानेच घरोघरी मधुमेह आणि हार्ट अटॅक. वशिंडवाली देशी गाय तेवढी ए-टू, आणि तिला लंपीसुद्धा होत नाही." दोनदा गप्प बसलो. या वेळी पाठवणारा आमचा मेव्हणा, जो रोज सकाळी माझ्याच एचएफ (होल्स्टिन-फ्रिजियन) गाईचं दीड लिटर दूध फुकट नेतो. आता लिहिणं भाग आहे.

ए-वन, ए-टू ही गाईंची नावं नाहीत. एकाच जनुकाचे दोन नमुने आहेत. बीटा-केसीन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची माळ. तिच्या ६७ व्या मण्याला प्रोलीन असलं की ए-टू, हिस्टिडिन असलं की ए-वन. हिस्टिडिन असेल तिथे माळ पचताना सहज तुटते आणि सात मण्यांचा तुकडा सुटतो, तोच हा बीसीएम-७. इथवर फॉरवर्ड खरं. पण गाईला एक नमुना आईकडून मिळतो, एक बापाकडून, आणि एचएफमध्ये दोन्ही नमुने फिरत असतात. मी माझ्या तीन गाईंच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून तपासायला पाठवले होते. दोघी शुद्ध ए-टू निघाल्या, एक मिश्र. तिघी काळ्या-पांढऱ्या, पाठ पाटासारखी सपाट.

आणि ते विष? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली तोवरचे अभ्यास चाळले. बीसीएम-७ मुळे मधुमेह किंवा हृदयरोग होतो असं नातं काही त्यांना दिसलं नाही.

डांगी_गोशाळा

आले पेनवाले शेतकरी! युरोपची गाय बरी की वाईट हे युरोपच सांगणार, म्हणजे चोराला विचारायचं चोरी झाली का.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेचं काम वाचा. गीर, साहिवाल, राठी, थारपारकर, लाल सिंधी, सगळ्या ए-टू. म्हशीही. आपल्याकडे तपासायची गरजच नाही. आणि २०१६ मध्ये चीनमध्ये ४५ माणसांवर प्रयोग झाला, ए-टू दूध पिणाऱ्यांना पोटाचा त्रास कमी झाला. हे मात्र तुम्ही लिहिणार नाही.

गोठेकर_फलटण

लिहितो की. त्या प्रयोगाचा खर्च ए-टू दूध विकणाऱ्या कंपनीनेच केला होता, हे तुम्ही लिहा. आणि कर्नालच्या त्याच कामात मलनाड गिड्डा या देशी जातीत थोडा ए-वन सापडला होता. गिड्डाला वशिंड नसतं का?

देशी गाई बहुतेक ए-टू, हे मी कुठे नाकारलं? वशिंड बघून दुधाची जात सांगता येत नाही, एवढंच म्हणतोय. बापाचं जनुक बघा.

वेलिंग्टनकर

मूळचा कराडचा, सध्या न्यूझीलंडमध्ये. ज्या कंपनीने २००० पासून हे ए-टू प्रकरण जगभर नेलं ती इथलीच. आणि तिचं इथलं दूध काही गीर गाईंचं नाही हो! साध्या काळ्या-पांढऱ्या गाई, तपासणी करून निवडलेल्या. आई पुण्याहून फोनवर सांगते, "तिकडे कसलं दूध पितोस, इथे आम्ही खरं ए-टू घेतो." मी 'हो' म्हणतो आणि फ्रीज उघडतो.

डांगी_गोशाळा

परदेशात बसून आईच्या दुधाची चेष्टा. छान.

पेठेतली_आई

मी ते 'खरं ए-टू' घेते, काचेच्या बाटलीतलं. साध्या दुधाच्या दुप्पट भाव. मुलाचं पोट दुखायचं ते थांबलं. आता ते दुधाने थांबलं की त्याच महिन्यात वडापाव बंद केला म्हणून, हे मला विचारू नका. पण एक सांगा, ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने पाकिटावर ए-टू लिहायला बंदी घातली होती ना? माझ्या बाटलीवर अजून लिहिलेलं आहे.

गोठेकर_फलटण

ताई, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्टला सांगितलं की हे दावे काढा, आणि २६ तारखेला परिपत्रक मागे घेतलं. पाच दिवसांत शास्त्र बदललं नाही, फोन फिरले असतील. आमच्या डेअरीत ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यावर भाव ठरतो. ए-टूचा रकाना नाही. तुम्ही दुप्पट देता त्यातला रुपया तरी गव्हाणीपर्यंत पोचतो का, तो बाटलीवाला सांगेल.

डॉ_सुई

बावीस वर्षं गोठे फिरतोय, म्हणून बोलतो. या ए-टूच्या नादात देशी जनावराचा खरा गुण कोणी बोलतच नाही. गोचीड ताप घ्या. संकरित कालवडीला एकशे सहा ताप, कानामागच्या गाठी लिंबाएवढ्या, डोळ्यातून पाणी, दोन दिवसांत हिमोग्लोबिन तळाला. बुपारव्हाकोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचते. त्याच दावणीला बांधलेलं देशी खिल्लार वासरू त्याच गोचिडांसकट उड्या मारतं. हे जनुकांचं देणं आहे, आणि त्यावर संशोधन हवं. डांगी गाईची कातडी तेलकट, घाटावरच्या पावसात पाणी अंगावरून ओघळून जातं. असा गुण जपायचा सोडून आपण ६७ वा मणी मोजत बसलोय.

राहिलं लंपी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून सुरुवात झाली आणि मी स्वतः हजारो जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण विषाणू त्याच कुळातला. देशीला होत नाही हे तद्दन खोटं. राजस्थान-गुजरातेत मेल्या त्या राठी, थारपारकर, गीर नव्हत्या तर कोण होत्या?

सांगोल्याचा_खिल्लारी

डॉक्टर, माझा कोसा खोंड गेला लंपीत. अडीच वर्षांचा. पाय सुजून खांबासारखे, छातीखाली पाणी. नऊ दिवस उभा होता, बसला की उठणार नाही हे त्याला कळलं होतं. शासनाने बैलाला भरपाई पंचवीस हजार ठरवली होती. मला चार लाखाला मागितला होता तो.

तेव्हा लस आमच्या गावात उशिरा का आली ते सांगा आधी. मग जनुकं शिकवा.

डॉ_सुई

दादा, वाईट वाटलं. लस उशिरा आली कारण एका माणसाकडे सोळा गावं होती. तो माणूस मी नव्हतो, पण असू शकलो असतो.

गोठेकर_फलटण

माणूसबळाचं बोललात म्हणून सांगतो. आमच्याकडे गाय भरायला (कृत्रिम रेतन करायला) येणारा गडी, गोठवलेल्या वीर्याची कांडी कुठून काढावी? शर्टाच्या खिशातून! उणे १९६ अंशातली कांडी बाहेर काढून थेट कोमट पाण्यात, ३७ अंशाला अर्धा मिनिट, हे मला शेतकऱ्याला माहीत. हा गाडीवरून चार मैल खिशात घेऊन आला. वर म्हणतो, "अंगाची ऊब लागते तिला." गाय तीनदा उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. प्रत्येक उलटीला एकवीस दिवस, रोजचा चारा, पेंड. मग म्हणायचं संकरित गाय वांझ.

सांगोल्याचा_खिल्लारी

आमच्याकडे सकाळी माज दिसला तर सकाळीच येऊन भरून जातो, संध्याकाळी दुसऱ्या गावाला लग्न असतं त्याचं. सकाळच्या माजाला संध्याकाळी भरायची, हे आजोबा वळू सोडतानासुद्धा पाळायचे.

डांगी_गोशाळा

कांडीचं पुराण पुरे. मुख्य प्रश्न टाळताय. एचएफला खोंड झाला की तुम्ही दुधाचे शेतकरी काय करता? मी सांगतो. रात्री आमच्या गोशाळेच्या फाटकाला बांधून जाता. गेल्या पावसाळ्यात सात सापडले, एकाच्या तोंडाला चीक लागलेला, म्हणजे दिवसाचाही नव्हता. दोन मेले. तुमच्या जनुकशास्त्रात त्यांचा रकाना आहे का?

गोठेकर_फलटण

मी नाही बांधला कधी.

डांगी_गोशाळा

तुम्ही नाही. तुमचा मेव्हणा?

गोठेकर_फलटण

मेव्हण्याकडे गायच नाही, म्हणून तर फॉरवर्ड पाठवतो. पण हिशेब ऐका. मार्च २०१५ पासून बैल-वळू कापायला बंदी. एचएफचा बैल उन्हात औताला टिकत नाही, ट्रॅक्टर दारात उभा. खोंडाला दोन वर्षं खाऊ घालायचं आणि पुढे काय? कायदा करणाऱ्यांनी चारा पाठवला नाही. देशी गाईसाठी गोशाळांना दिवसाला पन्नास रुपये आहेत, माझ्या गोठ्यातल्या खोंडाला शून्य.

डांगी_गोशाळा

पन्नास रुपयांत गाय जगते असं वाटत असेल तर एक दिवस येऊन शेण काढा. आणि तेही वेळेवर मिळतात म्हणता?

पेठेतली_आई

मी दुधाचं विचारलं होतं. आता रात्रीची झोप गेली.

डॉ_सुई

यावर शास्त्राकडे अर्धं उत्तर आहे. लिंगनिश्चित कांडी. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूत डीएनए थोडा जास्त असतो, त्यावरून यंत्र वेगळे काढतं. शंभरात नव्वदेक कालवडी. गर्भ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी, म्हणून पहिलटकरणीला, नीट माजावर आलेलीला वापरा. आणि खिशातून आणू नका. वळू ए-टू-ए-टू बघून घेतला तर तोही वाद संपतो. मिश्र गाईच्या निम्म्या कालवडी पुढच्याच पिढीत शुद्ध ए-टू.

डांगी_गोशाळा

म्हणजे एचएफची ए-टू कालवड आणि बाटलीवर गीरचं चित्र. मोठीच प्रगती. ठीक, नर वासरं कमी होणार असतील तर कांडीला माझा विरोध नाही. युरोपच्या गाईला आहेच. आणि आमच्या डांगींचे केस मी पाठवतो तपासायला, कोणाला शंका नको. एखादीत ए-वन निघाला तर?

गोठेकर_फलटण

तर ती गाय मला द्या. मी तिला गायच म्हणेन.

सांगोल्याचा_खिल्लारी

डॉक्टर, ही कांडी खिल्लारची मिळते का? पण उलटी पाहिजे. मला कालवड नको, खोंडच हवा. शर्यती सुरू झाल्यापासून कालवडीला कोण विचारतो?

डॉ_सुई

दादा, माझ्या कॅनमध्ये सगळ्या मुलीच आहेत.