मदत हवी आहे: परदेशात एक सीझन प्रो (पगारी) बास्केटबॉल खेळून नंतर कॉलेजच्या टीमकडून खेळता येतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. भाचा इथेच जन्मलेला, अमेरिकन पासपोर्ट, वय १७, उंची सहा फूट सहा इंच, यंदा हायस्कूल संपतंय. एका एजंटने ऑस्ट्रेलियात पगारावर एक सीझन बास्केटबॉल खेळायचं बोलणं काढलंय आणि घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते आधी डिग्री, तर पोरगं म्हणतं लामेलो बॉल हा अमेरिकन खेळाडू तिकडे इलावारा हॉक्स या क्लबकडून जेमतेम १२ मॅच खेळला आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए या अमेरिकन प्रो लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तिसरा निवडला गेला. मी जेरेमी टायलर या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूचं सांगितलं, २००९ मध्ये शाळा अर्धवट टाकून इस्रायलला गेला, सीझन संपायच्या आत परत, पुढे ड्राफ्टमध्ये ३९ वा. पण ते ऐकायलाच तयार नाही!

एनबीएसाठी वय १९ आणि हायस्कूलनंतर एक वर्ष हा नियम माहितीये. २०२१ पासून कॉलेजातही नाव-फोटोवर कमाई करता येते हेही माहितीये, तेव्हा या दोन गोष्टी कृपया पुन्हा नको. कोच म्हणाला पगार घेतला की कॉलेजच्या टीमचं दार बंद, पण मग २०२४ मध्ये येगोर डेमिन हा रशियन खेळाडू स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबमधून बीवाययूला (युटातल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीला) आला तो कसा? दोन कॉलेजांना मेल टाकले, दोघांचं उत्तर एकच, 'केस बघून ठरवू'.

अजून सही केलेली नाही, एजंटला पैसेही दिलेले नाहीत. ओळखीतलं कोणी अमेरिकन पोरगं बाहेर पगारावर खेळून परत एनसीएएमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धा चालवणारी संस्था) खेळलंय का, आणि करारात नेमकं काय नसलं पाहिजे?