मेलेला पक्षी आणि खाली 'नाताळ आनंदाचा जावो' – जुन्या ख्रिसमस कार्डांचं हे काय गौडबंगाल आहे?

कागदवेडी

नमस्कार मंडळी. एका वयस्कर मैत्रिणीने तिच्याकडची एक जुनी चिकटवही मला सांभाळायला दिलीये, जाड काळपट पानं आणि त्यांवर चिकटवलेली चाळीसेक ख्रिसमस कार्डं, व्हिक्टोरियन, म्हणजे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातली असावीत असं ती म्हणते. गेले चार दिवस संध्याकाळी मी दुसरं काही करतच नाहीये, दिवा जवळ ओढायचा आणि एकेक पान बघत बसायचं. रंग काय टिकलेत! काहींच्या कडेला रेशमाची झालर आहे, काहींवर बर्फासारखं चमचमणारं काहीतरी लावलंय.

पण एक कार्ड बघून मी थबकलेच. बर्फात एक रॉबिन पक्षी पाय वर करून मरून पडलाय आणि खाली लिहिलंय की तुमचा नाताळ आनंदाचा जावो. बस, दुसरं काही नाही. मग मी नेटवर शोधायला लागले तर अशी कितीतरी निघाली, एका बेडकाने दुसऱ्याला भोसकलंय आणि पैसे घेऊन पळतोय, एक उंदीर शेवंडीवर स्वार झालाय आणि सोबत फ्रेंचमध्ये सुखशांतीच्या शुभेच्छा, मुळ्या-सलगमांची तोंडं असलेली माणसं, एका मुलाला चहाच्या किटलीत उकळतायत. हे लोक एकमेकांना हे असलं का पाठवायचे? यामागे काही अर्थ होता की नुसतीच गंमत? आणि दुसरं म्हणजे माझ्याकडची कार्डं खरंच जुनी आहेत की नंतरच्या नकला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

टपालखुणा

छान धागा. रॉबिनपासून सुरू करतो कारण तो माझ्या आवडीचा विषय.

रॉबिन ख्रिसमस कार्डावर आला तो टपालामुळे असं मानतात. तेव्हाचे ब्रिटिश पोस्टमन लाल कोट घालायचे आणि लोक त्यांना लाल छातीच्या या पक्ष्यावरून लाडाने 'रॉबिन' म्हणायचे. म्हणूनच जुन्या कार्डांवर चोचीत पत्र धरलेला, दारावर टकटक करणारा रॉबिन दिसतो, म्हणजे पोस्टमन आणि पक्षी एकच झाले. १८४० मध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जायला लागलं आणि या सगळ्याचा पाया तिथे घातला गेला. ही पेनी पोस्ट उभी करायला मदत करणाऱ्यांतला एक माणूस हेन्री कोल, आणि त्यानेच १८४३ मध्ये विकायला ठेवलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड काढलं! नाताळात इतक्या लोकांना उत्तरं लिहायला वेळ कुठून आणायचा, म्हणून जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं, शिळाछपाई (दगडी शिळेवर चित्र काढून त्यावरून छापणं) करून हाताने रंग भरले, आणि एका कार्डाला एक शिलिंग किंमत लावली. शिलिंग म्हणजे बारा पेनी, म्हणजे एका कार्डाच्या पैशात बारा पत्रं गेली असती, त्यामुळे ते काही घराघरात पोचलं नाही. खरी लाट आली १८७० नंतर, उघड्या पाकिटातलं कार्ड अर्ध्या पेनीत जायला लागल्यावर. १८८० पर्यंत अशी वेळ आली की नाताळचं टपाल लवकर टाका असं पोस्टाला लोकांना सांगावं लागलं.

आता मेलेला का? रॉबिनच्या मरणाचं इंग्रजीत एक फार जुनं बालगीत आहे, कॉक रॉबिनला कोणी मारलं म्हणून, त्यात सगळे पक्षी मिळून त्याचं दफन करतात. हे तिकडच्या प्रत्येक पोराला पाठ असायचं. दुसरी एक लोककथा आहे, रानात टाकून दिलेली दोन लेकरं मरतात आणि रॉबिन त्यांच्यावर पानं पांघरतो. म्हणजे त्या बघणाऱ्याच्या मनात रॉबिन, मरण आणि माया हे तिन्ही आधीपासून एकत्र होतं. कडाक्याच्या थंडीत गारठून मेलेला छोटा जीव बघायचा, डोळ्यात पाणी यायचं आणि आपल्या घरात शेकोटी आहे याची जाणीव व्हायची, मग दारावरच्या गरिबाला काही द्यावंसं वाटायचं. मला तरी ते कार्ड क्रूर नाही वाटत. मायेचं वाटतं.

सांजवेळ

टपालखुणा, माहिती सुंदर आहे पण मला वाटतं आपण जरा जास्तच अर्थ काढतोय. बेडकाने बेडकाला भोसकण्यात कसली माया? त्या लोकांना मरणाचं वेडच होतं, मेलेल्या माणसाच्या केसांचे दागिने घालायचे, त्याच्याशेजारी बसून फोटो काढायचे, कार्डही त्यातलंच एक. माझं मत सरळ आहे, त्यांना हे भयाण वाटतच नव्हतं.

रानवेली

@सांजवेळ, बेडकाबद्दल सांगते. १८५१ मध्ये लंडनला ते प्रचंड मोठं प्रदर्शन भरलं होतं (त्याच्या आयोजकांमध्येही हेन्री कोलच पुढे होता, हा माणूस सगळीकडे सापडतो) तिथे श्टुटगार्टच्या हेर्मान प्लुके नावाच्या कारागिराने पेंढा भरलेले प्राणी माणसांसारखे मांडले होते. एक बेडूक दुसऱ्या बेडकाची दाढी करतोय वगैरे. लोकांनी ते बघायला झुंबड उडवली. मग ससेक्समधल्या ब्रॅम्बर गावात वॉल्टर पॉटर नावाच्या माणसाने पुढे जाऊन त्या कॉक रॉबिनची अख्खी अंत्ययात्राच खऱ्या पक्ष्यांची मांडली, सात वर्षं लागली, १८६१ मध्ये पुरी झाली, ९८ पक्षी होते त्यात! आणि लोक पोराबाळांना घेऊन बघायला जायचे.

म्हणजे माणसासारखं वागणारा बेडूक हा त्यांच्यासाठी ओळखीचा नट होता असं समज. तो लबाडी करणार, भांडणार, नाचणार, खूनही करणार, आणि तो बेडूक असल्यामुळे ते हसण्यावारी नेता येणार. तेच चित्र दोन माणसांचं काढलं असतं तर कोणी विकत घेतलं असतं का.

शिळाछाप

सांजवेळ यांचा 'मरणाचं वेड' हा मुद्दा मला पटत नाही, कारण आपण नेटवर बघतो ती कार्डं म्हणजे निवडून वर आलेली कार्डं आहेत. फुलांच्या गुच्छाचं कार्ड कोण शेअर करणार? मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात लॉरा सेडन संग्रह आहे, व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन (तिच्यानंतरच्या राजा एडवर्डच्या काळातली) मिळून ३२,००० शुभेच्छाकार्डं. त्याच्याही आधी जोनाथन किंग म्हणून एक संग्राहक होता, त्याच्या संग्रहात लाखाच्या वर निरनिराळी कार्डं होती आणि तो चाळून ग्लीसन व्हाइट या समीक्षकाने १८९४ मध्ये या कार्डांवर आणि ती काढणाऱ्या चित्रकारांवर सविस्तर लिहिलं. असे मोठे संग्रह बघायला घेतले की लक्षात येतं, पानामागून पानं फुलं, मुलं, पक्षी, समुद्रकिनारे, झोपडीवजा घरं.

आणि मला विचाराल तर खरं विचित्र तेच आहे! डिसेंबरच्या शुभेच्छा आणि चित्रात वसंतातली फुलं, उन्हात बसलेल्या मुली, फुलपाखरं. येशूजन्माचा देखावा शोधावा लागतो. आपल्याला बेडूक खटकतो कारण ख्रिसमस कार्ड कसं दिसतं याचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, लाल कपड्यातला म्हातारा, झाड, बर्फ. त्यांच्या डोक्यात ते बसलेलंच नव्हतं. झाड इंग्लंडमध्ये घरोघर पोचलं तेच मुळी १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र साप्ताहिकात छापून आल्यानंतर, आणि सांता तर जुन्या कार्डांवर हिरव्या, निळ्या, तपकिरी अशा कुठल्याही झग्यात सापडतो. त्यामुळे कंपन्यांनी जे सुचेल ते छापून बघितलं, बेलफास्टची मार्कस वॉर्ड, लंडनची राफाएल टक, डे ला रू, गुडॉल, सगळ्यांची चढाओढ, दर वर्षी नवीन काहीतरी हवंच, कारण कार्ड विकत घेणारा गेल्या वर्षीचं परत घेणार नाही. केट ग्रीनअवेसारखी चित्रकार मार्कस वॉर्डसाठी कार्डं काढूनच आधी पुढे आली. हा सगळा मोकळेपणा मला फार लोभस वाटतो, सण आहे पण त्याचा गणवेश अजून शिवलेला नाही.

आता ओळखायचं कसं ते. कागदवेडी, एक चांगलं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. त्या काळची रंगीत छपाई म्हणजे क्रोमोलिथोग्राफी, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, एका कार्डाला दहा-दहा वीस-वीस शिळा लागायच्या. बॉस्टनच्या लुई प्रँगची अमेरिकन कार्डं बघाल तर रंगांचे थर अक्षरशः तैलचित्रासारखे दिसतात. भिंगाखाली तुम्हाला हाताने टाकलेले वेडेवाकडे ठिपके आणि सपाट रंगाचे डाग दिसतील, जागोजाग कमीजास्त. त्याऐवजी सगळीकडे सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, छोट्या छोट्या फुलांसारखी, तर ती नंतरची फोटोवरून केलेली छपाई. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च टाकून बघा, कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत आणि ती कागदात यायला लागली साधारण १९५० च्या सुमारास, म्हणजे विषय संपला.

मागे किंवा कडेला बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं तेही शोधा. राफाएल टकचं चिन्ह चित्र टेकवायचा लाकडी स्टँड (ईझल) आणि रंगांची तबकडी असं असतं. त्यांना राणीचा शिक्का मिळाला १८९३ मध्ये, तर 'हर मॅजेस्टी द क्वीन'चे प्रकाशक असं छापलेलं असेल तर ते १८९३ च्या आधीचं नाही, आणि राणी गेली १९०१ मध्ये. पोस्टकार्ड असेल आणि मागची बाजू रेघ मारून दोन भागांत वाटलेली असेल तर ब्रिटनमध्ये १९०२ नंतरचं, अमेरिकेत १९०७ नंतरचं. जुनी व्हिक्टोरियन कार्डं बहुतेक घडी नसलेली, व्हिजिटिंग कार्डासारखी सपाट असायची.

चमचमणारं जे आहे ते बहुधा काचेची पूड आहे, हात लावू नका, ब्रशही नको, निघून आली की गेलीच.

उंबरठा

किटलीतल्या मुलाचं सोडा, क्राम्पुसची कार्डं बघितली का कोणी? ऑस्ट्रिया-हंगेरीतली. शिंगं, लांब लाल जीभ, पाठीवर टोपली आणि टोपलीत रडणारी पोरं, वर 'ग्रुस फॉम क्राम्पुस' म्हणजे क्राम्पुसकडून सप्रेम नमस्कार. पण ती ख्रिसमसची नव्हेतच, ती ५ डिसेंबरची, संत निकोलसच्या आदल्या रात्रीची. निकोलस शहाण्या मुलांना खाऊ देणार आणि हा सोबती द्वाड मुलांना धरणार, अशी जोडी.

जर्मन कार्डांवर डुकरं आणि लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अळंबी दिसतात, नववर्षाच्या कार्डांवर तर हमखास. त्याचं गूढ एकदम सोपं आहे. जर्मनमध्ये 'डुक्कर असणं' म्हणजे नशीब जोरावर असणं, आणि ती अळंबी म्हणजे भाग्याची खूण. म्हणजे कार्ड काय म्हणतंय तर नशीब फळफळो. आता समजा आपण 'उंटावरून शेळ्या हाकणे' याचं नुसतं चित्र काढून एखाद्या परक्याला पाठवलं तर तो शंभर वर्षं त्या उंटाकडे बघत बसेल ना. बरीचशी विचित्र कार्डं अशीच असणार, वाक्प्रचार विसरला गेला आणि चित्र तेवढं उरलं.

सांजवेळ

शिळाछाप, निवडून वर आलेली कार्डं हा मुद्दा मान्य. मी फक्त नेटवरचीच बघितली होती. आणि उंटाचं उदाहरण फार आवडलं.

एक सांगायचं राहिलं, अगदी पहिलं कोलचं कार्डसुद्धा वादात सापडलं होतं. मधोमध तीन पिढ्यांचं कुटुंब पेले उंचावून बसलंय, दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देतायत, सगळं छान, पण कुटुंबातल्या एका छोट्या मुलीच्या ओठाला वाइनचा पेला लावलेला आहे! दारूबंदीवाले खवळले. म्हणजे तेव्हाही सगळ्यांना सगळं चालत होतं असं नाही.

कागदवेडी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले. रॉबिनच्या कार्डावर जाळी नाही, वेडेवाकडे ठिपके आहेत, पोटाच्या लाल रंगात तर तीन वेगवेगळे लाल दिसले एकावर एक. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उसना आणला, कागद अजिबात झगमगला नाही. दोन कार्डं मात्र झगमगली, शेवटच्या पानावरची, ती नंतर कोणीतरी लावलेली असणार.

आता मोह असा होतोय की मागे काही लिहिलंय का ते बघायला रॉबिनचं कार्ड पानावरून सोडवावं. वाफ देऊन निघेल का?

शिळाछाप

नको नको, वाफ अजिबात नको! छपाईचा वरचा थर आणि काचेची पूड दोन्ही बिघडू शकतात, आणि कार्ड मागून दोन पदरांत फाटू शकतं. आणि मुळात ती चिकटवही हीच एक वस्तू आहे, कोणीतरी कुठल्या कार्डाशेजारी कुठलं लावायचं हे बसून ठरवलंय, ते मोडू नका. सगळ्या पानांचे क्रमाने फोटो काढून ठेवा, पानांच्या मध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, वही आडवी ठेवा, उन्हापासून आणि दमट जागेपासून लांब. सुटलेलं एखादं कार्ड असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पीव्हीसीच्या नाही. सोडवायचंच असेल तर कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाकडेच द्या.

मागचं लिखाण बघायचं तर एक बिनधोक उपाय आहे, अंधारात पानाच्या मागून थंड एलईडी दिवा धरा. पान फार जाड नसेल तर काहीतरी दिसतं.

कागदवेडी

दिसलं!! पान जाड आहे पण कार्डाचा वरचा कोपरा आधीच सुटलेला होता, त्याच्या मागे एलईडी धरला तर शाईच्या ओळी उमटल्या, उलट्या अक्षरांत. फोटो काढून आरशासारखा फिरवला. सगळं लागत नाही, पण 'माझ्या लाडक्या बहिणीला' एवढं स्वच्छ वाचता येतंय, आणि त्याच्याखाली '८४. मैत्रिणीला लगेच फोन केला, तिला हे माहीतच नव्हतं, ती बराच वेळ काही बोललीच नाही. परवा येतेय बघायला. बाकीच्या पानांवर सुटलेले कोपरे शोधतेय आता, सापडले की इथेच टाकते.