ब्रँडिंग की मार्केटिंग? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत

परळची सून:
नमस्कार. दोन वर्षं घरून मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला विकतेय. मसाला लालबागला डंकावर कुटून आणते. नाव 'घरगुती मसाले'. दिवाळीआधी इन्स्टाग्रामवर जाहिरातीला 18,000 घातले, 140 ऑर्डरी आल्या. जानेवारीपर्यंत त्यातल्या 9 जणींनीच परत मागवलं. आता भाचा म्हणतो, 'मावशी, मार्केटिंग पुरे, ब्रँडिंग कर.' लोगो आणि पाकिटांचे 35,000 सांगतोय. फरक नेमका काय? हाताशी भिशीचे 40,000 आहेत.

कांदिवलीकर:
जाहिरात बंद करू नका. ब्रँड वगैरे मोठ्या कंपन्यांचं काम.

दादरचा छापखाना:
ताई, मी 22 वर्षं लेबलं छापतोय, म्हणून लिहितो. 140 जणींना दारात आणलं ते मार्केटिंग, आणि ते छान झालं. पण मेतकूट संपल्यावर रिकामी पिशवी बघून 'हे कुणाकडून घेतलं होतं?' असं कुणाला वाटलं असेल, तर गाडं तिथे अडलंय. तिला तुम्हीच आठवायला हव्यात, त्यासाठी जे करायचं ते ब्रँडिंग.

माझ्याकडे लेबलं छापून घेणाऱ्या एक लोणचेवाल्या बाई आहेत. एका वर्षी त्यांना लाल झाकणं मिळेनात, हिरवी लावली. लोणचं तेच, लेबल तेच. माहीमच्या दुकानदाराने अर्ध्या बरण्या परत पाठवल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, 'लाल झाकणवालं द्या, हे नको.' झाकणाच्या रंगाचा बाईंनी कधी विचारही केला नव्हता, तो गिऱ्हाइकांनीच लक्षात ठेवला होता. तेव्हापासून त्या लाल झाकणं वर्षाची एकदम भरून ठेवतात.

मला खरी काळजी तुमच्या नावाची वाटते. आपल्या विलेपार्ल्याचं पार्ले-जी आधी 'पार्ले ग्लुको' होतं. ग्लुकोज बिस्किटं इतरही कंपन्या काढायला लागल्या, दुकानात नुसतं ग्लुकोज मागितलं की कुणाचाही पुडा हातात यायचा. म्हणून 1980 च्या दशकात नाव बदललं. 'घरगुती मसाले' तर लालबागमधला कुणीही म्हणेल. मालाचं नुसतं वर्णन करणारं असं नाव ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे फक्त तुमचंच असं सरकारदरबारी, सहसा नोंदवूनही मिळत नाही.

तेव्हा 35,000 आत्ता घालू नका. आधी नाव बदला. मग त्याची नोंदणी करा: ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीला एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका गटाची, फी 4,500, मसाले आणि पिठं वर्ग 30 मध्ये येतात, नोंदणी 10 वर्षं चालते. पाकीट साधं असू द्या, पण रंग एकच ठरवा आणि तो सोडू नका. आणि त्या 9 जणींना फोन करा. त्या तुमचा माल कुठल्या शब्दांत मागतात ते कान देऊन ऐका.

परळची सून:
काका, सात जणींशी बोलले. चौघी म्हणाल्या, 'तुमचं ते जास्त भाजलेलं मेतकूट.' सासूबाई डाळी मंद आचेवर लालसर होईपर्यंत भाजायच्या, मी तेच करते. मला वाटायचं सगळेच तसं करतात! नाव सासूबाईंचं ठेवायचं ठरवतेय. लोणचंही त्याच वर्गात बसेल का?

दादरचा छापखाना:
नाही, लोणचं वर्ग 29. त्याची फी वेगळी. आधी मेतकुटाचं उरका.