मदत हवी आहे: नायट्रस सुरू झालं की मस्टँग गचके खाते, काळा धूर

रपेट_मिशिगन
मस्टँग जीटी २०१३, ५.० कोयोटी (फोर्डचं व्ही-८ इंजिन), सहा गिअर मॅन्युअल. नायट्रसचं (इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा बाटलीतला वायू) वेट किट, म्हणजे वायूबरोबर जादा पेट्रोलही फवारणारं. ७५ चा शॉट, म्हणजे ७५ हॉर्सपॉवर जादा. तिसऱ्या गिअरमध्ये नायट्रस सुरू झालं की पहिला सेकंदभर जबरदस्त ओढते, मग आवाज घोगरा होतो, गचके बसतात, मागून काळा धूर आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पाय काढला की सगळं नॉर्मल. फ्यूज, रिले, वायरिंग तपासून झालं. शनिवारी मायलनच्या ड्रॅग स्ट्रिपवर जायचंय, त्याआधी उत्तर हवंय. ट्यूनरकडे जा असं कृपया सांगू नका, त्याची वेळ पुढच्या महिन्याशिवाय मिळत नाहीये.

नॉकसेन्सर
एवढ्या माहितीवर कोणीही सांगू शकणार नाही. बाटलीचं प्रेशर किती? दोन्ही जेट (नायट्रस आणि इंधन मोजून सोडणारी बारीक भोकं) कितीचे? रेलवर (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी) इंधनाचं प्रेशर किती, आणि ते नायट्रस चालू असताना मोजलंय की आयडलला? प्लग कोणते, गॅप किती? वाइडबँड मीटर (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं) आहे का? विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या मध्येच नायट्रस चालू ठेवणारा) किती आरपीएमला चालू-बंद होतो?

दिवा लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाहीये. उत्तर मिळेपर्यंत एकदाही नायट्रस दाबू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते.

गिअरबॉक्सराव
सेकंदभर ओढते आणि मग मरते म्हणजे इंधन कमी पडतंय. पंप पुरत नाहीये. मोठा पंप टाका, विषय संपला.

नॉकसेन्सर
काळा धूर आहे, गिअरबॉक्सराव. इंधन कमी पडलं तर काळा धूर येत नाही. ७५ च्या शॉटला कोयोटीचा मूळ पंप पुरतो. पंप बदलून आणखी इंधन दिलंत तर आजार वाढेल.

गिअरबॉक्सराव
लीन (इंधन कमी) मिसफायरमध्येही न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंच की. नुसत्या धुरावरून रिच (इंधन जास्त) म्हणणं घाईचं आहे.

नॉकसेन्सर
मिसफायरचं पेट्रोल वासाने कळतं, काजळीचा काळा लोट त्यातून येत नाही. पण मिसफायरबद्दल एक गोष्ट खरी आहे आणि ती धाग्यावर असू द्या: मिसफायर होत असताना वाइडबँडचा आकडा खोटा असतो. सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि मीटर लीन दाखवतं. ते बघून लोक इंधनाचा जेट मोठा करतात आणि आणखी खोलात जातात. म्हणून मीटरआधी प्लग काढून बघायचे. सुकी, मखमली काजळी असेल तर रिच. पोर्सेलिन पांढरंफटक असेल किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके असतील तर लीन किंवा नॉक (मिश्रण अवेळी पेटणं), आणि मग गाडी तिथेच उभी करायची.

रपेट_मिशिगन
प्लग गाडीत आहेत तेच, गॅप मोजला नाही. विंडो स्विच ३००० ते ७०००. वाइडबँड आहे, गचके बसतात तेव्हा १० च्या खाली जातो आणि मग उड्या मारतो. जेट माहीत नाहीत. किट आधीच्या मालकाने बसवलेलं आहे, गाडी ऑगस्टमध्ये घेतली. तेव्हा नीट चालत होतं.

सात_हजार
म्हणजे "७५ चा शॉट" हे आधीच्या मालकाचं सांगणं. जेट उघडून बघितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधलं नायट्रस पर्ज करून बाहेर हवेत सोडा, इंधनाच्या रेलचं प्रेशर उतरवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग नॉझलपाशी निळी आणि लाल अशा दोन्ही लाइन सोडवा. जेट आतच बसलेले असतात, त्यांच्यावर आकडा कोरलेला असतो. ४६ म्हणजे भोक ०.०४६ इंच. तिथेच सोलेनॉइडच्या (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) तोंडाची जाळीही बघा. पाइप थ्रेडवर टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली दिसली तर ती पूर्ण काढा. तिचे तुकडे सुटून जाळीत आणि जेटमध्ये अडकतात. पाइप थ्रेडला फक्त टेफ्लॉनची पेस्ट लावायची. ३७ अंशाच्या फ्लेअर फिटिंगला काहीच लावायचं नाही.

आणि विंडो स्विच ७००० ला बंद? तुमच्या गाडीचा रेव्ह लिमिटर तिथेच आहे. लिमिटर इंजेक्टर बंद करतो पण नायट्रस चालूच राहतं. तो ६७०० वर आणा, आजच.

बूस्टप्रेमी
या सगळ्या कटकटीपेक्षा सुपरचार्जर बसवा. बाटली भरायची नाही, प्रेशर बघायचं नाही, कायमची पॉवर. किट विकून टाका.

सात_हजार
त्यांनी सुपरचार्जरबद्दल विचारलेलंच नाही. खर्च कित्येक पट आणि शनिवार चार दिवसांवर आहे.

पुणे_टॉर्क
आपल्याकडे पोलो किंवा स्विफ्टला असं किट बसवता येईल का? मेडिकलवाल्यांकडे नायट्रसचे निळे सिलिंडर मिळतात, ते चालतील का?

विदर्भ_इंजिन
नाही, दोन्ही प्रश्नांना नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला क्लेम नाकारायला हे कारण पुरतं. शिवाय दाबाखालचे गॅस सिलिंडर हा पेसोचा (स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) विषय आहे, त्यांचं मुख्यालय इथे नागपुरातच आहे.

मेडिकल सिलिंडर तांत्रिकदृष्ट्याही चुकीचा. तो उभा ठेवून वरून वायू घेण्यासाठी असतो. वेट किटचे जेट द्रव नायट्रससाठी मोजलेले असतात. वायू आला तर नायट्रस खूप कमी आणि इंधन तेवढंच. दवाखान्यासाठीचा गॅस असा वळवणं हेही बरोबर नाही.

नॉकसेन्सर
विदर्भ_इंजिन, तुम्ही नकळत मूळ प्रश्नालाच हात घातलात. रपेट_मिशिगन, बाटलीचं प्रेशर अजून सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये चालत होतं आणि आता नाही, हा सगळ्यात मोठा धागा आहे. हीटर आहे का?

रपेट_मिशिगन
हीटर नाही. आत्ता गॅरेजमध्ये ५० फॅरनहाइट आहे, गेज ५८० पीएसआय दाखवतंय. जेट काढले: नायट्रस ४६, इंधन २८. प्लगवर सुकी काळी काजळी, गॅप ०.०५० इंच. रेलचं प्रेशर इंजिन चालू असताना ५५. टेप होती, काढली.

नॉकसेन्सर
आता चित्र स्पष्ट आहे.

नायट्रसच्या बाटलीतलं प्रेशर तापमानावर ठरतं, भरलेल्या वजनावर नाही (अगदी संपत येईपर्यंत). १० सेल्सिअसला, म्हणजे तुमच्या ५० फॅरनहाइटला, ते ५८० च्या आसपासच असणार. २० ला सव्वासातशेच्या जवळ, ३० ला ९०० च्या आसपास. किट ९०० ते ९५० पीएसआय धरून जेट केलेलं असतं. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ९५० ऐवजी ५८० असेल तर नायट्रस साधारण २२ टक्के कमी.

दुसरी बाजू इंधनाची. बऱ्याच किटचे तक्ते ४३.५ पीएसआयला बनवलेले असतात. तुमची रेल ५५ ला आहे, तर त्याच जेटमधून १२ टक्के जास्त इंधन जातं. दोन्ही मिळून नायट्रसच्या मानाने इंधन जवळजवळ दीडपट. वर प्लगचा गॅप ०.०५०. अशा दाट, ओल्या मिश्रणात एवढ्या गॅपवर ठिणगी विझते.

करायचं ते असं. ब्लँकेट हीटर, थर्मोस्टॅट किंवा प्रेशर स्विच असलेलाच. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), टोक बाहेर न आलेले, प्लॅटिनम नकोत, गॅप ०.०३०. इंधनाचा जेट २८ च्या जागी २६. क्षेत्रफळ १४ टक्क्यांनी घटतं, वाढलेलं प्रेशर भरून निघतं.

गिअरबॉक्सराव
रिच होतं हे मान्य. पण २६ ला थेट जाऊ नका. १४ टक्के कपात आणि १२ टक्के वाढ म्हणजे तुम्ही तक्त्यापेक्षा लीन बाजूला जाताय. आणि आधीच्या मालकाने २८ हा जेट ५५ पीएसआय धरूनच लावला असेल तर? आधी बाटली ९५० ला आणा, जेट २८ च ठेवा, एक पास (स्ट्रिपवर एक धाव). मग २७. रिच चुकलात तर प्लग बदलता, लीन चुकलात तर पिस्टन. या इंजिनात कनेक्टिंग रॉडही पावडर मेटलचे आहेत, फार ताण सोसणारे नाहीत.

नॉकसेन्सर
हा क्रम जास्त सुरक्षित आहे. २८, मग २७, आणि वाइडबँड ११.५ ते ११.८ ला स्थिर झाला की थांबा. ठिणगीचं टायमिंगही मागे घ्यायला हवं, दर ५० हॉर्सपॉवरला दोन अंश, म्हणजे ७५ ला तीन. ट्यून फाइल बदलता येत नसेल तर ९३ ऑक्टेनच भरा आणि यापेक्षा मोठा शॉट लावू नका.

ड्रायवाला
वेट किटमध्ये हे होणारच. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये हवेच्या वळणांवर पेट्रोल साचतं, कधी ना कधी बॅकफायर होऊन मॅनिफोल्ड फुटतो. ड्राय किटमध्ये इंधन इंजेक्टर देतात, साचायचा प्रश्नच नाही.

सात_हजार
ड्राय किटला इंजेक्टर आणि ट्यून दोन्ही सांभाळावे लागतात, ट्यूनरची वेळ मिळत नाहीये हे पहिल्याच पोस्टमध्ये आहे. साचणं टाळायला नॉझल हवा मोजणाऱ्या मास सेन्सरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या सहा-सात इंच आधी, तोंड सरळ थ्रॉटलकडे. ३००० च्या खाली नायट्रस नाही आणि फक्त पूर्ण थ्रॉटलवर. एवढं पाळलं की ७५ ला वेट किट नीट चालतं.

इंजिन बंद असताना सोलेनॉइड चुकून उघडला तर मात्र लगेच स्टार्टर मारू नका. बाटली बंद, कॉइलचे कनेक्टर काढा, पेडल पूर्ण दाबून क्रँक करा. त्याने इंजेक्टर बंद राहतात आणि मॅनिफोल्ड साफ होतो.

विदर्भ_इंजिन
एक गोष्ट अजून सुटत नाहीये. नुसतं थंडीने प्रेशर कमी असतं तर पहिल्या क्षणापासून गचके बसायला हवेत. पहिला सेकंदभर "जबरदस्त ओढते" कशी? पर्ज केल्यावर फवारा कसा दिसतो, आणि बाटली डिकीत कशी बसवली आहे? फोटो टाका.

रपेट_मिशिगन
[फोटो] पर्ज आधी दाट पांढरा, मग विरळ होत जातो. बाटली आडवी, व्हॉल्व्ह पुढे. लेबल खाली आहे, त्यामुळे फोटोत दिसत नाही.

विदर्भ_इंजिन
तेच. बाटलीच्या आत सायफन नळी असते आणि तिचं टोक तळाकडे वाकवलेलं असतं. लेबल वर असताना ते टोक मागच्या बाजूला, खाली असतं. गाडी सुटली की द्रव मागे जातो आणि नळी बुडालेली राहते. लेबल खाली म्हणजे टोक वर. लाइनमध्ये भरलेला द्रव सेकंदभर पुरतो, मग नळी वायू ओढते. नायट्रस एकदम कोसळतं, इंधन तेवढंच. दाट पर्ज विरळ होणं हे त्याचंच लक्षण.

लेबल वर करा, व्हॉल्व्हचं टोक किंचित उंच ठेवा. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडा, अर्धवट उघडा ठेवला तरी असंच होतं. बाटली काढलीच आहे तर वजन करा. रिकाम्या बाटलीचं वजन लेबलवर असतं, तेवढं वजा करा. १० पौंडाच्या बाटलीत दोन पौंड उरलं असेल तर पास मारण्यात अर्थ नाही.

बूस्टप्रेमी
हीटर यायला वेळ लागत असेल तर हीट गनने किंवा टॉर्चने बाटली गरम करून घ्या, पाच मिनिटांत ९५० होतं.

नॉकसेन्सर
अजिबात नको! एका जागी तापलेलं ॲल्युमिनियम कमकुवत होतं आणि आत प्रेशर झपाट्याने वाढतं. ११०० च्या वर बऱ्याच किटचे सोलेनॉइड उघडतच नाहीत, त्याही पुढे गेलं तर सेफ्टी डिस्क फुटते आणि डिकी नायट्रसने भरते. ड्रॅग स्ट्रिपवर ज्वाळेने गरम करायला मनाई आहे. हीटर नसेल तर बाटली रात्री घरात ठेवा. ७० फॅरनहाइटला साडेसातशेच्या आसपास मिळेल, २८ च्या जेटवर थोडं रिच चालेल पण मिसफायर थांबेल.

रपेट_मिशिगन
लेबल वर केलं, हीटर उद्या येतोय, प्लग आले. बाटलीचं वजन केलं, जेमतेम तीन पौंड गॅस आहे. भरून आणतो.

सात_हजार
भरायला नेण्याआधी गळ्याजवळचा शिक्का बघा. डॉट १८०० (अमेरिकी वाहतूक खात्याचा दाबाचा दर्जा) आणि शेवटच्या हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने बाटलीची तपासणी) महिना-वर्ष कोरलेलं असतं. त्याला पाच वर्षं उलटली असतील तर भरणारे भरून देत नाहीत, मायलनला तपासणीतही अडवू शकतात. बाटली ड्रायव्हरच्या कप्प्यात असेल तर सेफ्टी डिस्कची नळी गाडीबाहेर काढलेली हवी.

रपेट_मिशिगन
शिक्क्यावर ०४/१७ आहे.

सात_हजार
मग टेस्ट संपली आहे. शनिवारपर्यंत हायड्रो करून मिळणं अवघड दिसतंय. नवी तारीख असलेली दुसरी बाटली भाड्याने किंवा उसनी घ्या. दोन्ही बाटल्यांची व्हॉल्व्ह फिटिंग एकाच मापाची आहे का ते आधी जुळवून बघा, आणि तिचंही लेबल वर.