किल्ल्यावरच्या मावळ्यांचा जवळून फोटो: चेहरा धूसर येतो

प्रश्न: दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, उंची साधारण ६ सेंमी. मोबाइल अगदी जवळ नेला की ढाल स्पष्ट येते, पण चेहरा धूसर. ऑइलपेंटमुळे पागोट्यावर पांढरा डागही चमकतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १: अंतर चुकतंय. बऱ्याच मोबाइलची मुख्य लेन्स १० सेंमीच्या आत फोकसच करत नाही. २५-३० सेंमी मागे या, २एक्स झूम ठेवा, उरलेलं क्रॉप करा. जितकं जवळ जाल तितका फोकसमधला पट्टा अरुंद होतो, म्हणून ढाल सापडते आणि डोळे सुटतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून २ सेकंदांचा टायमर लावा.

प्रतिसाद २: कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११. एफ/२२ वर जाऊ नका, छिद्र फार बारीक होतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच धूसर पडतं.

प्रतिसाद ३: फ्लॅश बंद करा. एकाच प्रकारचे दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, मध्ये बटर पेपर. हा कागद दिव्याला चिकटवू नका. फ्रेममध्ये येणार नाही इतपत मूर्तीजवळ आणा, चमक पसरून फिकी होते. मागे राखाडी कार्डशीट लावा. पांढऱ्यामुळे ऑटो एक्स्पोजर (कॅमेरा स्वतः ठरवतो तो उजेड) कमी होतं आणि मावळा काळवंडतो. आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवाच! वरून घेतलात तर नुसतं पागोटं दिसतं, एका केसाच्या ब्रशने रंगवलेल्या मिशा दिसतच नाहीत.