लोलक बुडतो, तरी घनता १ येते! काय चुकतंय? (मदत हवी आहे)

रानजाई
आजोबांच्या पेटीत एक पारदर्शक लोलक मिळाला आहे. स्फटिक (क्वार्ट्झ) की काच, एवढंच ठरवायचंय. उत्प्लावन (पाणी बुडलेल्या वस्तूला वर रेटतं ते बल) वापरून घनता काढतेय. हवेत ४६.२ ग्रॅम, पाण्यात ४६.१. भागाकार केला की १.००. सहा वेळा केलं, तेच येतंय. घनता १ असती तर तो पाण्यात अधांतरी राहिला असता, हा तर धोंड्यासारखा तळाला जातो! सूत्र मला येतं, ते शिकवू नका. चूक कुठे आहे ते सांगा. परवा लोलक परत द्यायचा आहे.

पाणकावळा
‘पाण्यात ४६.१’ म्हणजे काय मोजलंत? लोलक काट्याखाली टांगून त्याचं वजन, की पेला काट्यावर ठेवून? आणि काटा किती बारीक दाखवतो?

मोजपट्टी
एवढा खटाटोप कशाला? मोजपात्रात पाणी घ्या, लोलक सोडा, पातळी किती चढली ते वाचा. तेच आकारमान. मी वीस वर्षं असंच करतो.

गुंजभर
सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. मात्र टंग्स्टन १९.२५, म्हणजे जवळजवळ सोन्याएवढंच. त्यामुळे आत टंग्स्टन भरलेलं सोनं या पद्धतीने पकडणं फार अवघड. सोनं तपासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रानजाई
सोनं नाही हो, लोलक आहे! काटा छोटा डिजिटल, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्य केला, लोलक आत सोडला, आकडा वाचला.

पाणकावळा
सोडला म्हणजे तळाला टेकला ना? तिथेच चूक आहे. तळाला टेकला की लोलकाचं सगळं वजन पेल्यामार्फत काट्यावर येतं. तुम्ही ४६ ला ४६ नेच भागताय, १ च येणार. दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. मग काटा फक्त बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवेल. हवेतलं वजन भागिले तो आकडा.

मोजपट्टी
हे पटत नाही. लोलक हाताने धरलाय, तर त्याचा भार हातावर. काट्याचा आकडा वाढेलच कशाने?

अणुरेणू
पाणी लोलकाला जेवढ्या बलाने वर रेटतं, तेवढ्याच बलाने लोलक पाण्याला खाली रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम. उरलेला भार दोरा घेतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, शून्य करा आणि पेल्याला कुठेही न लागता बोट बुडवून बघा.

मोजपट्टी
बघितलं. बोट जसं आत गेलं तसा आकडा चढत गेला. मान्य. पण मोजपात्र सोपं, हे माझं म्हणणं कायम.

अणुरेणू
सोपं आहे, पण इथे उपयोगाचं नाही. आकारमान १७-१८ मिलिलिटरच्या घरात असणार. वाचताना एका मिलिलिटरची चूक झाली तरी घनता २.५ ते २.८ कुठेही पडेल. साधी काच साधारण २.५, स्फटिक २.६५. फरक नेमका त्या चुकीत बुडतो.

जुनीपोथी
अवांतर: आर्किमिडीजची मुकुट आणि सांडलेल्या पाण्याची गोष्ट विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहिली, आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. गॅलिलिओलाही सांडलेलं पाणी मोजण्याची रीत फार ढोबळ वाटली होती. १५८६ साली त्याने पाण्यात वजन करणाऱ्या छोट्या तराजूवर टिपण लिहिलं. वरचा वाद तेव्हापासूनचा आहे.

मेणबत्ती२२
माझाही एक प्रश्न. मेण तरंगतं, त्याची घनता कशी काढायची?

पाणकावळा
बारीक ताठ तारेने दाबून पूर्ण बुडवा. आकडा तसाच वाचायचा. रानजाई, झालं का?

रानजाई
झालं! बारीक नायलॉनच्या दोऱ्याने टांगला. आधी १७.६ आलं. निरखून पाहिलं तर वरच्या भोकात हवेचा बुडबुडा अडकला होता आणि पैलूंवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला, ब्रशने बुडबुडे काढले, काटा पुन्हा शून्य केला. आता तीनदा १७.४. म्हणजे २.६६ ना?

पाणकावळा
पाणी २५ अंशांचं असेल तर त्याची घनता ०.९९७, तिने गुणा. २.६५. साधी काच असती तर १८.४ च्या आसपास आलं असतं, हा पूर्ण एका ग्रॅमचा फरक आहे. कॅल्साइट (दुसरं एक पारदर्शक खनिज) असता तर १७.०.

अणुरेणू
थांबा, एवढ्यावर शिक्का मारू नका. काच एका घनतेची नसते. शिसं घातलेली काच ३ च्या वर जाते, मधल्या घनतेच्या काचाही असतात. २.६५ आलं म्हणजे साधी काच बाद झाली, एवढंच.

गुंजभर
मग काचेवर ओरखडा काढून बघा. स्फटिक काचेपेक्षा कठीण असतो.

अणुरेणू
दुसऱ्याची वस्तू आहे, ओरखडे नकोत. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगलची काच समोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. आता मधे लोलक धरून हळूहळू फिरवा. काच बहुतेक काळीच राहील, स्फटिक उजळेल आणि पुन्हा विझेल. दोन-तीन बाजूंनी बघा.

रानजाई
गॉगल शेजारून आणला. लोलक उजळतोय, पाव फेरीत विझतो, पुन्हा उजळतो. आडवा धरला तरी तेच. स्फटिकच आहे! पाणकावळा, अणुरेणू, मनापासून आभार. पेटीत असेच आणखी दोन लोलक आहेत, आत्ता दोऱ्याला बांधतेय.